अप्पांचा डावा कान

अप्पा 'नाही' म्हणायला लागले तेव्हा वॉटफर्डच्या मराठी मंडळात घबराट पसरली.

अप्पा म्हणजे बैल. वॉटफर्डच्या कडेला, जिथे गोल्फ कोर्स संपतो आणि मोटरवेचा आवाज सुरू होतो, तिथे एका ट्रस्टची छोटीशी गोशाळा आहे. तिथे डझनभर गाई आणि हे एकच गृहस्थ. जात गीर. कपाळ पालथ्या घड्यासारखं, आणि कान एवढे लांब की कुणी विड्याची पानं दुमडून दोन्ही बाजूंना लटकवली आहेत असं वाटावं. घराणं मूळचं गुजरातचं. पूर्वज ब्राझीलला गेले, आणि तिथून गोठवलेल्या भ्रूणाच्या रूपाने अप्पा इंग्लंडात येऊन एका काळ्यापांढऱ्या इंग्रज गाईच्या पोटी जन्मले. आमचे निम्मे गुजराती शेजारी नैरोबीमार्गे आलेले असल्यामुळे या प्रवासाचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट, कागदपत्रांचं कसं जमवलं, असं दोघातिघांनी हळूच विचारलं.

त्या इंग्रज आईने काही या वासराला जवळ केलं नाही. मग सुप्रभाताईंनी त्याला बाटलीने दूध पाजलं. सुप्रभाताई हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर गोशाळेत राबायला येऊ लागल्या. माणसांशी त्या वॉर्डातल्यासारख्याच बोलतात, म्हणजे हुकूम सोडतात. मऊ आवाज फक्त अप्पांसाठी. "अप्पा, पाय उचला राजा," असं त्या म्हणाल्या की नऊशे किलोचा तो राजा पाय उचलतो.

देवळात शंकराआधी नंदीच्या कानात आपलं मागणं सांगायची रीत आपल्याकडे आहेच. वॉटफर्डला दगडी नंदी नाही, पण जिवंत आहे. तेव्हा दर रविवारी मंडळी अप्पांच्या कानात मागणं सांगू लागली. मंडळाचे अध्यक्ष मुरलीधर टिल्लू यांनी त्याला शिस्त लावली. टिल्लू रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट आहे तशी चालू देणं त्यांच्या स्वभावात नाही. दोन कानांना दोन रांगा लावणं हेल्थ अँड सेफ्टीत बसत नव्हतं, म्हणून त्यांनी एकच रांग केली. "डावा कान. हृदयाची बाजू," असं त्याला शास्त्रही जोडलं. रांगेच्या टोकाला ते स्वतः पळी-पंचपात्र घेऊन उभे राहत. मी त्या रांगेत कधी गेलो नाही. माझी जागा कुंपणापाशी, चहाच्या फ्लास्कसह. तिथून मला लोकांच्या पाठी दिसत, आणि उतारवयात माणसाला तेवढं पुरतं.

तर त्या उन्हाळ्याच्या अखेरीस सतीश नावाचा बँकेत नोकरी करणारा तरुण अप्पांच्या कानात वाकून व्हिसाबद्दल काही बोलला, आणि अप्पांनी जोरात मान हलवली. आडवी. एकदा नव्हे, फडाफडा. सतीशचा चष्मा गवतात गेला.

त्याच्यामागे स्वाती होती. तिला मुलीसाठी परीक्षेवर प्रवेश देणारी ग्रामर स्कूल हवी होती. नाही. तिच्यामागच्या दांपत्याला कौन्सिलकडून घरावर मजला चढवायची परवानगी हवी होती. मुळीच नाही.

"नियम बदलले का हो?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"गव्हर्न्मेंट कडक झालंय, त्याचा परिणाम," टिल्लू गंभीरपणे म्हणाले.

पुढच्या काही रविवारी अप्पांनी कुणालाच होकार दिला नाही. मग मान हलवणं कमी झालं आणि ती डावीकडे कलली ती कललीच. कानातून पिवळट पाणी यायला लागलं. कुंपणापर्यंत वास येऊ लागला. अप्पा पेंढीला तोंड लावेनात. सुप्रभाताईंनी रांग बंद केली, आणि टिल्लूंना कुंपणाबाहेर काढताना त्यांचा मराठी भाषेतला हुकूम पलीकडे गोल्फ खेळणाऱ्या इंग्रजांनाही समजला.

जनावरांचे डॉक्टर गॅरेथ प्यू हे वेल्श गृहस्थ. माणूस वाईट असता तर आमचं काम सोपं झालं असतं, पण तो फार चांगला होता. त्याने अँटिबायोटिक दिलं. उतार पडला नाही. दुसरं दिलं. अप्पांची मान आणखी कलली आणि चालताना झोक जायला लागला. मग त्याने कानातली घाण काचेवर घेऊन पाहिली आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला.

"जंत आहेत," तो म्हणाला. "बारीक, वळवळणारे. आता दोनच शक्यता आहेत. एक, कानात राहणारे जंत. ते उष्ण देशांत गाईंच्या कानात होतात असं मी वाचलंय, इथे कधी पाहिलं नाही. दुसरी वाईट आहे. मातीत राहणारा एक जंत क्वचित जनावराच्या अंगात शिरतो आणि थेट मेंदूकडे जातो. घोड्यांत झालेलं मला माहीत आहे. त्याला इलाज नाही. आणि हा झोक मला मेंदूचा वाटतोय."

"मग?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"मग त्याला यातना भोगायला लावणं बरोबर नाही. मी सोमवारी येतो. तोवर काही वेगळं सिद्ध झालं नाही, तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. सुप्रभाताईंनी जन्मभर वॉर्डात अशी वाक्यं ऐकली होती आणि स्वतःही अशीच अर्धी सोडली होती. त्या वळल्या आणि अप्पांच्या मानेखाली आपला खांदा देऊन उभ्या राहिल्या. कललेली मान तेवढीच सरळ झाली.

घरी येऊन मी सुनीतीला हे सांगितलं. सुनीती माझी बायको. ती म्हणाली, "ईशिताला फोन करू या. ती जंतांचंच करते ना?"

ईशिता सुनीतीच्या बहिणीची मुलगी. जन्म वॉटफर्डचा, नोकरी नॉटिंगहॅमजवळ एका प्रयोगशाळेत. ती नेमकं काय करते हे आमच्या घराण्यात चारचौघांत कधी सांगितलं जात नाही. तिचा भाऊ फायनान्समध्ये आहे, त्याच्याबद्दल सांगतात. 'ईशिता पण सायन्समध्ये आहे' असं म्हणून पुढची वाटी पुढे करतात.

ती शनिवारी आली. एका हातात मायक्रोस्कोपची पेटी आणि दुसऱ्या हातात रबरी वेलिंग्टन बूट. आल्या आल्या सरळ गोशाळेत गेली. तिने अप्पांना आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग त्यांच्या कानाशी नाक नेलं आणि डोळे मिटून, अत्तर पारखावं तसा, दीर्घ श्वास घेतला. मी दहा फुटांवर होतो, माझा फ्लास्क खाली पडला.

"फक्त डावा?" तिने विचारलं.

"फक्त डावा," सुप्रभाताई म्हणाल्या.

"उजवा क्लीन आहे? एकदम?"

"रोज बघते मी."

"फनी," ईशिता म्हणाली. तिने आधी कानाचा बाहेरचा भाग स्वच्छ पुसून काढला. बाहेर पेंढ्यातला, शेणातला कुठलाही जंत चिकटलेला असू शकतो, तो आपला आरोपी नव्हे. मग लांब नळीने आतलं, अगदी खोलवरचं थोडं घेतलं. उजव्या कानातलंही घेतलं, तसंच, तितक्याच आदराने. अप्पांनी त्या कलत्या मानेनेही तिला हे करू दिलं. सुप्रभाताई त्यांच्या दुसऱ्या कानात काहीतरी सांगत होत्या. मागणंच असावं.

आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल प्रयोगशाळा झालं. सुनीतीने साबुदाण्याचं पातेलं उचलून फ्रीजवर ठेवलं.

"मावशी, तुमचा केटल कुठे आहे?"

"चहा करतेस?"

"नाही, जंतांसाठी. गरम पाणी. बॉइलिंग नको. एकदम मरायला पाहिजे, पण सरळ मरायला पाहिजे. थंड मारला तर तो वाकडा होतो, मग काही दिसत नाही."

गरम पाण्याचा थेंब पडला की ते सुताच्या तुकड्याएवढे जीव एकदम ताठ होऊन पडत. मी आयुष्यभर लोकांना वाकडं मरताना पाहिलं होतं, तेव्हा हा प्रकार मला सुधारणेसारखा वाटला.

तिने मला आत बघायला दिलं. मला सिगारेटचा धूर गोठल्यासारखं काहीतरी दिसलं. ती मात्र त्यात घसा कुठे, घशातली गाठ कुठे, अंडी कुठे, हे बोट न ठेवता सांगत होती. मराठीत ही मुलगी चमच्यालाही 'ती' म्हणते आणि मांजरालाही 'तो'. पण त्या काचेवर नर कोण आणि मादी कोण यात तिची एकदाही चूक होत नव्हती.

"ही मादी. ही मादी. हे बाळ. हे जरा मोठा बाळ. ही मादी, पोटात अंडी."

"म्हणजे कानातच राहतात ते?" मी विचारलं.

"हो. एकदोन असते तर मी म्हटलं असतं, पेंढ्यातून पडले. पण आजी आहे, आई आहे, बाळं आहेत. उजव्या कानात एक पण नाही. दे आर सेटल्ड."

मंडळातली किती माणसं वर्षानुवर्षं ज्याच्या मागे आहेत तो कायम वास्तव्याचा 'सेटल्ड' स्टेटस या मंडळींनी एका उन्हाळ्यात मिळवला होता.

सुप्रभाताई दाराशी उभ्या होत्या. त्या आमच्या घरी पहिल्यांदाच आल्या होत्या आणि त्यांनी कोट काढला नव्हता. "मग हा कानातलाच आहे ना? मेंदूतला नाही ना?"

"माहीत नाही," ईशिता म्हणाली.

वॉटफर्डच्या मराठी वस्तीत हे दोन शब्द मी प्रथमच ऐकले. आम्ही सगळे थोडे दचकलो.

"पण तुला काय वाटतं?" सुप्रभाताईंनी नेट लावला.

"मला वाटून काही नाही, ताई. घसा बघून मला होप आहे. पण होपवर मी डॉक्टरला थांब म्हणणार नाही. तो जो वाईट जंत आहे ना, तो जनावराच्या आत असतो तेव्हा फक्त माद्या असतात. त्यांना नर लागतच नाही. कधी कुणाला अंगात नर मिळालेला नाही. कानातल्या जंतांत नर असतो. म्हणून मला एक नर पाहिजे. एक."

"एक नर सापडला की अप्पा वाचले?"

"एक नर सापडला की मी फाइट करू शकते."

रविवारी सकाळी ती परत गोशाळेतून नवं घेऊन आली आणि टेबलाशी बसली. बातमी पसरली. माणसं येऊ लागली. इंग्लंडात कुणी न विचारता कुणाच्या घरी जात नाही, पण जंतांचा नर शोधताहेत म्हटल्यावर तो नियम बाजूला ठेवायला हरकत नव्हती. बायका स्वयंपाकघरात, पुरुष बाहेरच्या खोलीत.

"सापडला का?"

"नाही. माद्याच माद्या."

"काम निघालं की पुरुष कुठे सापडतात!" स्वाती म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीतला आवाज एकदम कमी झाला.

ईशिता हसली नाही. डोळा भिंगाला, एक हात खालच्या चाकावर. काच संपली की दुसरी. माझ्यासारख्या विनोदी लिहिणाऱ्या माणसाने लोकांच्या फटी शोधून पोट भरलं. कोण कशाने फुगलंय आणि टाचणी कुठे टोचावी हे मला दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चपलांवरून कळतं. त्या दिवशी मी खुर्ची टाकून या मुलीकडे बघत बसलो आणि मला टाचणी लावायला जागा मिळेना. ती कुणाला दाखवण्यासाठी बघत नव्हती. तिला खरंच बघायचं होतं.

दुपारी तिने चिमट्याने काचेवरून काहीतरी उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "मावशी, हे काय आहे?"

सुनीतीने चष्मा लावला. "अगं बाई! तुळस."

"शुअर?"

"चाळीस वर्षं खिडकीत वाढवतेय मी. तुळशीचं पान आहे. सडलंय, पण तुळसच."

"बैलाच्या कानात, एवढ्या आत, तुळस कशी गेली?" ईशिताने तो हिरवट-काळा तुकडा बशीत ठेवला. "आणि चरबीचे थेंब आहेत. सगळीकडे. आणि वास... काल मला वाटलं मी वेडी झाले. इट स्मेल्स लाइक खराब श्रीखंड."

 स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांनी एकाच वेळी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे मुरलीधर टिल्लू छताच्या दिव्याची जोडणी तपासत होते.

"टिल्लूकाका," ईशिता दाराशी जाऊन म्हणाली, "तुम्ही त्याच्या कानात काही घालता का?"

"घालत नाही," टिल्लू म्हणाले. "अर्पण करतो. एक पळी. प्रत्येकाच्या मागण्याआधी."

"कशाची पळी?"

"पंचामृताची." मग आजूबाजूचे चेहरे पाहून त्यांनी शास्त्राकडे धाव घेतली. "असं आहे, आपण गोड बोलणार, तर आधी ऐकणाऱ्याचा कान गोड करावा. दूध, दही, तूप, मध, साखर. वरून तुळस. सगळं ऑर्गॅनिक होतं."

"प्रत्येक माणसामागे एक पळी?"

"रांग मोठी असेल तर अर्धी."

रांगेच्या वेळी सुप्रभाताई गाईंच्या गोठ्यात असत, ही पळी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्या जागच्या हलल्या. मी चपळाईने टिल्लूंच्या आणि त्यांच्या मध्ये खुर्ची सरकवली. पण त्यांच्याआधी ईशिताच पुढे झाली, आणि तिने टिल्लूंचा हात धरून त्यांना टेबलाशी आणलं.

"काका, बघा. हा तोंड. सरळ नळी आहे. दात नाहीत. हा चावत नाही, रक्त पीत नाही. हा फक्त बॅक्टेरिया खातो. शेणात, मातीत, सडलेल्यात राहतो. तुम्ही त्याला दर रविवारी जेवण दिलंत. लांब कान, आत हवा नाही, गरम, ओला, गोड. आणि मग डॉक्टरचं औषध बॅक्टेरियाला मारतं, पण आतलं दही तसंच राहतं, ते परत वाढतात."

टिल्लूंनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चांगला इंजिनियर होता तो एकेकाळी, बिघाड कुठे आहे हे दाखवलं तर त्याला दिसतं. मग त्यांनी भिंगावरून डोळा उचलला. "ते मान हलवत होते. आम्हाला वाटलं..."

"हो. ते नाही म्हणत होते," ईशिता म्हणाली. "पळीला."

पण तुळस म्हणजे नर नव्हे. सोमवारी सकाळी गॅरेथ प्यूची गाडी गोशाळेऐवजी आमच्या दाराशी थांबली, तेव्हाही नर सापडलेला नव्हता. गाडीत त्याची काळी बॅग होती. ती त्याने गाडीतच ठेवली, हे मी नोंदवून ठेवतो.

त्याने तुळस पाहिली, पंचामृताची हकिगत ऐकली. वेल्श माणसाला हसू आवरता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मग तो हळूच म्हणाला, "मला पटतंय. पण वाईट जंतही सडक्यातूनच येतो. सडकं आहे म्हणून तो नाहीच, असं म्हणता येणार नाही."

"नाही म्हणता येणार," ईशिताने मान्य केलं. समोरच्याचं बरोबर आहे हे तिने क्षणात, चेहरा न पाडता मान्य केलं. सुप्रभाताईंनी डोळे मिटले.

"एक काच राहिलीय," ईशिता म्हणाली.

शेवटच्या काचेवरही माद्या होत्या. ती सरकवत गेली. मध्येच हात थांबला. मग तिने भिंग बदललं, चाक केसभर फिरवलं, आणि श्वास इतका हळू सोडला की काच ढगाळू नये.

"गॅरेथ," ती म्हणाली, "शेपूट बघ. काय आहे मला सांगू नकोस, तुला काय दिसतं ते सांग."

गॅरेथ वाकला. "टोकाला पातळ पडदा आहे. उघडलेल्या पंख्यासारखा. पंख्यात काड्या आहेत. मध्ये दोन सुया." तो थांबला. "नर."

"परत बघ."

"नर आहे, ईशिता."

"बाजूला अजून एक आहे," ती म्हणाली. "लपला होता. बायकोच्या मागे." आणि मग ही पोरगी, जी दोन दिवस हसली नव्हती, फ्रीजला टेकून रडायला लागली. सुप्रभाताईंनी तिला जवळ घेतलं. कोट अजून अंगात होता.

त्याच दुपारी गॅरेथने अप्पांचा कान धुतला, पुन्हा धुतला, कोरडा केला, जंतांचं औषध दिलं. झोक हा मेंदूचा नव्हता, कानाच्या आतल्या सुजेचा होता. तो जायला वेळ लागला, पण गेला. ईशिताने ते नर-मादी नॉटिंगहॅमला नेले. तिथे आणखी तपासण्या करून तिने त्यांचं पूर्ण नाव शोधून काढलं. नाव एवढं लांब आहे की मी ते लिहीत नाही, आमच्या मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेत ते बसलं नसतं. घराण्यात आता 'ईशिता जंतांमध्ये आहे' असं मोकळेपणाने सांगतात, आणि तिच्या भावाबद्दल विचारलं तर पुढची वाटी पुढे करतात.

शरद ऋतूत एका रविवारी रांग पुन्हा सुरू झाली. सुप्रभाताई टोकाला उभ्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासत होत्या. टिल्लूंचे दोनदा. ईशिता त्या दिवशी आली होती. रांगेला बगल देऊन ती सरळ अप्पांपाशी गेली, तो लांब कान उचलून धरला, आत नाक घातलं आणि डोळे मिटले.

अप्पांची मान सरळ होती. ती हलली नाही. त्यांनी एक उसासा टाकला आणि रवंथ चालू ठेवला.

"हो म्हणाले!" टिल्लू रांगेतून ओरडले. "ईशिता, काय मागितलंस गं?"

"काही नाही, काका. वास घेतला."

"मग? कसला येतोय?"

"गवताचा," ती म्हणाली, आणि कान हळूच खाली सोडला.

टिल्लू पुढे सरकले. हात सवयीने उजव्या खिशाकडे गेला. सुप्रभाताईंनी नुसतं पाहिलं, तसे त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले, वाकले, आणि अप्पांच्या कानात काहीतरी कोरडंच बोलले.